खाडीतली भिंत कोणी बांधली

माझा भाऊ बाळकुमला बाराव्या मजल्यावर राहतो आणि दिवसभर बुडालेली शहरं बघतो. टीव्हीवर. कुठलं शहर समुद्राखाली गेलेलं, कुठलं वाळूखाली, कुठलं जंगलात. कार्यक्रम परदेशी असतात, आवाज हिंदीत दिलेला असतो. टोपी घातलेला एक माणूस दगडापुढे उभा राहतो, दगडावरून हात फिरवतो आणि विचारतो, हे कोणी बांधलं असेल? मग ढोल वाजतात. मग जाहिरात. जाहिरात संपली की तोच माणूस, तोच दगड, तोच प्रश्न. 

मी एकदा पूर्ण तास त्याच्या सोफ्यावर बसून बघितलं. शेवटी न राहवून म्हटलं, "अरे, एवढ्या वेळात ह्या माणसाने एक तरी गोष्ट पक्की सांगितली का?"

"बाय, तो शक्यता सांगतोय," भाऊ म्हणाला. आमच्याकडे बहिणीला बाय म्हणतात. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे, पण समजावतो असा की मी बालवाडीत आहे. "प्रगत संस्कृती होती. महाप्रलयात गेली. कुणीतरी होतं ना तिथे?"

मी डोंबिवलीत लग्नकार्याची भांडी भाड्याने देते. माझ्या धंद्यात शक्यता चालत नाही. टोप परत आला किंवा नाही आला. पोचा पडला किंवा नाही पडला. माझ्याच लग्नात मिळालेल्या दोन मोठ्या टोपांवर मी सुरुवात केली. नवऱ्याची नोकरी सुटलेली होती आणि शेजारच्या बारशाला टोप लागत होते, म्हणून. आज माझं गोदाम आहे, टेम्पो आहे, चार माणसं आहेत आणि माझं तोंड खराब आहे असं सगळं मार्केट सांगतं. सांगू दे. गोड बोलून आलेलं गिऱ्हाईक झारे गायब करतं हे मी फार लवकर शिकले. म्हणून इसार हातात पडल्याशिवाय माझ्याकडून चमचा हलत नाही.

भाऊ टीव्ही का बघतो ते मला कळतं. आमचं घर, भाताची जमीन आणि खाडीलगतचं खाजण जिथे होतं तिथे आता तीन टॉवर आहेत. एका टॉवरमध्ये तो राहतो, वाट्याला आलेली बाकी घरं भाड्याने दिलेली. सकाळी उठून जायला त्याला शेत नाही, संध्याकाळी बसायला पार नाही. लिफ्टमध्ये शेजारी त्याला "अंकल, कितवा मजला?" विचारतात, ज्याच्या बापजाद्यांच्या जमिनीवर ते उभे आहेत त्याला. मग माणूस टीव्ही लावतो आणि कुणाचं तरी गेलेलं गाव बघत बसतो.

जमिनीचा व्यवहार झाला तेव्हा मलाही बोलावणं आलेलं. आमच्यात पद्धत आहे. बहिणीने हक्कसोडपत्र करायचं. ठाण्याला कचेरीत जाऊन सही करायची, भावाने साडी नेसवायची, मटणाचं जेवण घालायचं, आणि बहिणीने चारचौघांत म्हणायचं की मला काही नको, माझं माहेर राहू दे. मी सही केली. आई नुकतीच गेली होती, आणि त्या दिवसांत भांडायला माझ्यात जोर नव्हता. ते वाक्य मात्र माझ्या तोंडातून निघालं नाही. साडीची घडी अजून मोडलेली नाही. लोक म्हणतात, बाई मनात धरून बसते. बसते. जमिनीचंही धरून बसते, खोटं कशाला बोलू? पण आता सांगतेय ते जमिनीचं नाही.

एका सकाळी भावाचा फोन आला. आवाज असा की घरात पोरगा झालाय.

"बाय, आपल्या खाडीत नगर सापडलं!"

"काय सापडलं?"

"नगर. ओहोटीला माझ्या बाल्कनीतून दिसतं. तिवरांच्या मागे चिखलात सरळ रेघ आहे, काळी. मी मोबाइलवर शूटिंग करून तसल्याच एका कार्यक्रमवाल्यांना पाठवलं. आपल्या मराठी लोकांचा आहे, नवीन. त्यांचा फोन आला! येतायत ते."

मी हसले. खरंच मोठ्याने हसले, गोदामातली माणसं वळून बघायला लागली. "अरे, ती खांडीची भिंत आहे. आपल्या मिठागराची."

"वरचा मातीचा बांध मिठागराचा. खाली तासलेले दगड आहेत बाय, मोबाइलवर मोठं करून बघितलं, चौकोनी. मिठागरवाले कधी तासलेला दगड घालतात काय?"

घालतात. एकदा घातला होता, आणि घालताना मी तिथे होते.

खाडीचं पाणी मिठागरात हवं तेव्हाच आणि हवं तेवढंच यावं म्हणून भोवती मातीचा बांध असतो. मोठ्या उधाणात तो बांध फुटतो. त्याला आमच्याकडे खांड पडली म्हणतात. खांड लगेच बुजवावी लागते, नाहीतर प्रत्येक भरती येऊन ती रुंद करून जाते आणि मीठ तर जातंच, मागची भाताची जमीनही खारी होते. त्या वर्षी खांड मोठी होती. नुसत्या मातीने भरेना. मिठागर ज्याच्या ताब्यात होतं तो शेठ दगड विकत आणायला तयार नव्हता. तो म्हणाला, पलीकडे जुना धक्का पडलाय, त्याचे दगड आणा. कुठल्या तरी साहेबाच्या काळातला धक्का होता तो, होड्या लागायच्या. त्याचे दगड तासलेले होते.

मग बायांनी ओळ लावली. धक्क्यापासून खांडीपर्यंत, ओहोटी लागली की उतरायचं आणि पाणी वळलं की वर यायचं. लहान पोरींनी मधल्या फटीत मारायच्या दगडी चिपा घमेल्यातून न्यायच्या. त्यात मी होते. आई ओळीच्या टोकाला, अगदी खाली चिखलात, कारण दगड कुठल्या अंगाने बसेल ते तिला हात लावल्यावर कळायचं. भाऊ तेव्हा तिच्या पोटात होता. दुसऱ्या का तिसऱ्या ओहोटीला एक दगड निसटला आणि तिच्या डाव्या पायावर आला. ती बांधावर बसली, पदराची पट्टी फाडून पाय आवळून बांधला, पाण्याकडे बघितलं आणि पुन्हा उतरली. पाणी वळायच्या बेतात होतं म्हणून. तिची दोन बोटं कायमची गेली. पुढे मरेपर्यंत ती डावा पाय जरा ओढत चालायची. अंगणात ती आली की न बघता कळायचं.

वडील लांब मोहने गावात रेयॉनच्या कारखान्यात होते. तिकडेच खोली घेऊन राहायचे, सुट्टीला यायचे. माणूस वाईट नव्हता. आणलेला पगार हातावर ठेवायचे. पण मिठागरात ते कधी उतरले नाहीत, ती भिंत त्यांनी बघितलीच असेल तर लांबून.

भावाला हे सगळं आईने अनेकदा सांगितलेलं. पण तो मोठा होईपर्यंत मिठागर बंद पडलं होतं, त्याने ना खांड बघितली ना ओळ. त्याच्या लेखी ती आईची एक गोष्ट होती, आणि टीव्हीवरची मोठी होती.

आठ-दहा दिवसांनी तो कार्यक्रमाच्या दिग्दर्शिकेला घेऊन थेट माझ्या गोदामात आला. माझ्याशिवाय त्यांचं अडलेलं होतं. तिवरं आता रानासारखी माजलीत, जुनी पायवाट दिसत नाही, आणि चिखल कुठे घोट्यापर्यंत आहे नि कुठे कमरेपर्यंत हे भावाला माहीत नाही. मला पाय ठेवला की कळतं. दिग्दर्शिका पस्तिशीची असेल, स्वच्छ पुणेरी बोलणं, केस आखूड. उलट्या घातलेल्या कढईवर बसली बिचारी, खुर्ची नव्हती.

"ताई, तुम्ही आम्हाला तिथपर्यंत न्याल का? आम्ही मानधन देऊ."

"नेईन की. पण ती भिंत कोणाची आहे हे माहीत आहे का तुला?"

मी तिला सगळं सांगितलं. खांड, धक्का, ओळ, आईचा पाय. ती मन लावून ऐकत होती. मधे तिने डोळेही पुसले, म्हणून मला वाटलं की संपलं, हिला समजलं. ती म्हणाली, "ताई, हे फार सुंदर आहे हो. पण हे सांगितलं तर कार्यक्रमच राहत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही असं कुठे म्हणतो की नगर होतंच? आम्ही फक्त विचारतो."

"उत्तर मिळाल्यावर पण विचारतच राहायचं?"

"बाय, गप ना जरा," भाऊ मधे पडला. "तुम्ही दगड घातले ते वरचे. त्याच्या खाली काय आहे तुला काय ठाऊक?"

"चिखल आहे! मी उभी होते त्यात!"

गोदामातल्या माणसांनी कामं थांबवली. माझा आवाज चढला की ती थांबवतात. दिग्दर्शिका घाबरली नाही, हे तिचं कौतुक. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्याला विचारत आलेय. सौदा तिथूनच सुरू होतो. मी म्हटलं, मानधन नको. शेवटी पडद्यावर नावं येतात ना सरकत, त्यात माझ्या आईचं नाव हवं. पूर्ण. एका ओळीत एकटीचं. तुम्ही काय शक्यता सांगायच्या त्या सांगा, पण भिंत दाखवाल तर तिचं नाव दाखवा.

"नक्की ताई. त्यात काय!" ती म्हणाली.

इतक्या चटकन हो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडून मी एरवी दुप्पट इसार घेते. तिच्याकडून नुसता शब्द घेतला. कारण असं की आईचं नाव कुठेतरी येणार म्हटल्यावर माझी अक्कल जागेवर राहिली नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी नव्हतं. दारावर नव्हतं. गावात तिला कुणी नावाने हाक मारत नसे, अमकीची आई किंवा अमक्याची सून. मिठागराच्या रोजावर तर बायांची नुसती डोकी मोजायचे. माझ्या आठवणीत तिचं नाव पूर्ण असं एकदाच उच्चारलं गेलं, दवाखान्यात, आणि ती ओ द्यायला विसरली.

शूटिंगच्या दिवशी सकाळच्या ओहोटीला आम्ही उतरलो. ह्यांचाही निवेदक टोपीवाला निघाला. टोपी नवी होती. पाचव्या पावलाला त्याचा बूट चिखलात अडकला आणि तो खांबासारखा उभा.

"अहो, उपसू नका!" मी मागून ओरडले. "पाय गोल फिरवून काढा. उपसलात तर बूट आत राहील."

त्याने उपसला. बूट आत राहिला.

"राहू दे," मी म्हटलं. "हजार वर्षांनी कुणाला तरी सापडेल. ढोल वाजवतील."

कॅमेरावाला हसला, भाऊ नाही हसला. तो नवा कुर्ता घालून आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तोंडावर देवळात जाताना असतो तसा भाव.

भिंत मला बघताक्षणी ओळखू आली. कालवं चिकटलेली, वरची माती धुऊन गेलेली, पण ओळ सरळ. एका ठिकाणी दोन दगडांमध्ये चिपा मारलेल्या दिसत होत्या. त्या मी आणलेल्या की दुसऱ्या कुणी पोरीने, ते कळायला मार्ग नाही. मी हात लावून उभी राहिले. दगड गार होता. इतकी वर्षं पाण्याखाली जाऊन-येऊन एकही हललेला नव्हता.

टोपीवाला एका बुटावर तोल सांभाळत माझ्याजवळ आला. कॅमेरा लागला. त्याने आवाज खोल केला. "तुमचे पूर्वज या रहस्यमय भिंतीबद्दल काय सांगत असत?"

"पूर्वज कशाला? माझ्या आईने..."

"कट," दिग्दर्शिका म्हणाली.

दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "आमची आई हिच्यात..."

"कट. ताई, तुम्ही बोलू नका ना. फक्त बोट दाखवा आणि लांब बघा."

मी बोट दाखवलं. लांब बघायला लांब काही नव्हतं, आमचे टॉवरच होते.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी भावाने टॉवरच्या क्लबहाउसमध्ये मोठा पडदा लावला. सोसायटीतली माणसं, त्यांची मुलं, वडे, चहा. बिल्डरच्या ऑफिसमधला एक माणूस आला होता, त्याला शाल आणि नारळ दिला. का, ते मला कळलं नाही. मी डोंबिवलीहून गोदाम लवकर बंद करून गेले होते, चांगली पैठणी नेसून. पहिल्या रांगेत बसले. मी वाट फक्त शेवटाची बघत होते.

पडद्यावर खाडी वरून दाखवली, इतकी सुंदर की मलाच ओळखू येईना. मग निळं पाणी चढतंय असं चित्र. मग नगर. ह्यांनी कॉम्प्युटरवर नगर काढलं होतं, बुरुज, पायऱ्या, दिवे. आणि भिंत बांधणारी माणसं काढली होती. सगळे पुरुष. दाढीवाले, दंड फुगलेले, अंगावर पांढरी वस्त्रं. एकही बाई नाही. एकाच्याही पायाला चिखल नाही. माझं बोट दिसलं, हात दिसला, मग मी लांब बघताना दिसले, आणि खाली अक्षरं आली, स्थानिक महिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टोपीवाला म्हणाला, "कोण होते हे कारागीर? त्यांची नावं काळाने पुसून टाकली आहेत."

"पुसली कुठे?" मी तिथल्या तिथे बोलले. "मी सांगितलंय ना ह्यांना!"

"शूऽऽ, आंटी," मागून कुणीतरी म्हणालं.

भाऊ वाकून कानात म्हणाला, "बाय, शेवटी हाय. शेवटी येतंय. थांब."

थांबले. नावं सरकायला लागली. दिग्दर्शिकेचं, टोपीवाल्याचं, कॅमेऱ्याचं. मग 'आभार'. सोसायटीचं नाव. बिल्डरचं नाव, मोठ्या अक्षरात, आणि मला शाल-नारळाचं कोडं सुटलं. भावाचं नाव, पुढे भूमिपुत्र. आणि त्याखाली, एका ओळीत, एकट्याचं, जसं मी मागितलं होतं तसं: कैलासवासी, आणि माझ्या वडिलांचं पूर्ण नाव.

टाळ्या पडल्या. पडदा जाहिरातीवर गेला. मी भावाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आलं बघ," तो म्हणाला. "बापाचं नाव टीव्हीवर आलं."

लोक त्याचा हात हातात घेत होते, म्हणून मी तिथे काही बोलले नाही. सगळे वड्यांकडे वळल्यावर त्याला दंडाला धरून बाहेर पार्किंगमध्ये नेलं.

"तुझ्याकडे कुणी मागितलं नाव?"

"त्या मॅडमचा मेसेज आलेला. तुमच्या ताईंनी सांगितलंय, घरातलं नाव द्यायचं आहे, पूर्ण लिहून पाठवा."

"मग?"

"मग पाठवलं."

"बापाचं?"

"मग कुणाचं पाठवतात?"

"आईचं! आईचं मागितलं होतं मी! तुझ्यासमोर, गोदामात, कढईवर बसली होती ती तेव्हा!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, असती तर मी तिथेच कानाखाली दिली असती, पन्नाशीचा असला तरी. त्याला खरंच कळत नव्हतं. "अगं, पण आयचं नाव असं एकटं कुठे लिहितात?" तो म्हणाला. "लग्नपत्रिकेत तरी लिहितात काय? घराचं नाव म्हंजे बापाचं. बापाचं आलं की आयचं आलंच ना त्यात."

"आपला बाप मोहन्याला होता रे. त्याच्या पायाला चिखल लागलेला तू बघितलास कधी?"

"मी आयच्या पन नाय बघितला. मी कुठे होतो तवा?"

"तू तिथेच होतास. तिच्या पोटात होतास. दगड पायावर पडला तेव्हा तू आत होतास."

तो खाडीच्या बाजूला बघायला लागला. मला वाटलं, पोचलं. एवढ्या वर्षांत एकदा तरी काहीतरी त्याच्यापर्यंत पोचलं. पार्किंगचा वॉचमन लांबून बघत होता. मग भावाचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हंजे बाय," तो म्हणाला, "जन्माच्या आधीपासून मी त्या नगरात होतो. हे सांगायला पायजे त्यांना."

मी रिक्षा पकडली आणि निघाले. मागून तो ओरडत होता, "जेवून जा! अगं, मटण केलंय!"

त्यानंतर महिनाभर मी त्याचे फोन घेतले नाहीत. कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागत होता, दुपारचा, रविवारचा. गिऱ्हाइकं यायची आणि म्हणायची, "तुम्हाला टीव्हीवर बघितलं हो, स्थानिक महिला!" आणि त्या ओळखीवर भाडं कमी करून मागायची. मी एक पैसा सोडला नाही. 

मग दिग्दर्शिकेचा फोन आला. नावाची चूक झाली, मनापासून माफी, तुमच्या बंधूंनी पाठवलं तेच आम्ही घातलं. मी म्हटलं, तुला मी सांगितलं होतं, तू त्याला का विचारलंस? ती म्हणाली, "ताई, घरातल्या माणसालाच विचारणार ना." मी फोनकडे बघितलं. मग मी कोण होते, हे तिला विचारायचं राहून गेलं, कारण ती पुढे बोलायला लागली होती. कार्यक्रम खूप चालला. दुसरा भाग करायचा आहे. आणि ह्या वेळी ताई, तुमच्या आईवरच.

"माझ्या आईवर?"

"हो! तुम्ही ती गोष्ट सांगितलीत ना, चिखलात उतरलेली गरोदर बाई, पायावर पडलेला दगड, तरी भिंत उभी करणारी. आमचे लेखक म्हणतात, ही फार जुनी लोकस्मृती असू शकते. त्या नगराची एखादी मातृदेवता असेल, पायाने अधू, आणि तिची कथा पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या घरात येत आली असेल."

मी शांतपणे म्हटलं, आणि मला शांत बोलताना ऐकलेली माणसं थोडी आहेत, "ती देवी नव्हती. मिठागरात रोजावर होती. मला तिने भाकरी करायला शिकवली."

"ते चालेल ना ताई. 'असं सांगतात' म्हणून घालू. आणि नाव तुमच्या आईचंच. सुरुवातीलाच, मोठं. ह्या वेळी तुमच्या बंधूंना नाही विचारणार, तुम्हीच मेसेज करा. मी लेखी देते हवं तर. मानधनही देऊ, इसार म्हणा."

सगळं कबूल होतं. मी एवढ्या वर्षांत इतका चांगला सौदा क्वचित बघितलाय. गिऱ्हाईक अडलेलं, माझ्या सगळ्या अटी मान्य, इसार आगाऊ. फोन ठेवून मी गोदामात पाटावर बसले आणि आईचं नाव टाइप केलं. आधी तिचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मग वडिलांचं आणि आडनाव काढून नुसतं तिचं ठेवलं. छोटंसं नाव आहे, तीन अक्षरांचं. आमच्या बाजूला त्या काळी ठेवायचे तसलं, आता कुणी पोरीला ठेवणार नाही. मी ते बराच वेळ बघत बसले. त्याच्यामागे ढोल वाजताना ऐकू आले. आणि टोपीवाला विचारताना दिसला, ही खरंच होती का?

मी पुसलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. ह्या वेळी घेतला. त्याला दिग्दर्शिकेने आधीच सांगितलं होतं.

"बाय, पाठवलंस ना नाव?"

"नाही."

"अगं, का? तुलाच पायजे होतं ना? आता देतात तर नाय म्हनतेस? आय देवी होतेय आपली!"

"मला देवी नको होती."

"मग काय पायजे होतं तुला? काय पायजे तरी काय तुला, एकदाचं सांग. जमीन पायजे? टीव्ही पायजे? सारखं नाय, नाय, नाय." तोही चिडला होता. रक्त एकच आहे.

"तिने दगड घातले एवढंच हवं होतं. एवढं एक वाक्य. 'हिने घातले.' बस."

"मग ते कोण बघणार बाय?" तो म्हणाला, आणि आवाज एकदम खाली आला, लहान असताना मार खाल्ल्यावर यायचा तसा. "एवढंसं कोण बघत बसणार?"

त्याच्या मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी हिंदीत विचारत होतं की हे शहर कुठे गेलं. मी म्हटलं, "तू तरी बघ." त्याने टीव्हीचा आवाज बंद केला असावा, कारण मागचं हिंदी थांबलं, आणि मग त्याने विचारलं, "बाय, धक्का कुठे होता गं नक्की? बाल्कनीतून दिसेल काय?"

"उजवीकडे बघ. नाळेच्या तोंडाशी, खाडीचं पाणी आत शिरायचं तिथे."

"तिकडे तर पार्किंग झालंय."

"त्याच्याखाली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दिग्दर्शिकेचे मेसेज अजून येतात. दुसरा भाग त्यांनी आईच्या नावाशिवाय काढला. देवी आहे, पायाने अधू आहे, आणि निवेदक म्हणतो की तिचं नाव आज कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे. कुणी विचारलं तर मी सांगत नाही, इथेही लिहीत नाही.